पेठ नसलेल्या गावात संघ निवडताना

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ निवडावा लागत नाही. शिवाजी पेठेत वाढलेलं पोर शिवाजी तरुण मंडळाचं, मंगळवार पेठेतलं पाटाकडील तालमीचं, रविवार पेठेतलं दिलबहारचं, असा ढोबळ हिशेब. एकाच पेठेत दोन-तीन तालमी असल्या की गल्लीगणिक वाटण्या होतात, पण कुणी बसून, विचार करून संघ ठरवलाय असं मी तरी ऐकलेलं नाही. माझं माहेर शिवाजी पेठेतलं आणि सासर मंगळवार पेठेतलं. लग्नानंतर आडनाव बदललं, संघ बदलला नाही. सासरे पाटाकडीलचे जुने समर्थक. शाहू स्टेडियमवर या दोन संघांची गाठ पडली की त्या दिवशी ते आणि मी जेवणापुरतंच बोलायचो. ज्याचा संघ जिंकेल त्यानं रात्री दुसऱ्याला पेढा भरवायचा, हा नियम त्यांनीच घातलेला.

नवऱ्याच्या नोकरीमुळे 2017 मध्ये आम्ही मिशिगनला आलो. डेट्रॉइटच्या वायव्येला नोव्हाय नावाचं उपनगर आहे. मोटारींच्या धंद्यातली मराठी माणसं इथे इतकी, की वाणसामानाच्या दुकानात रांगेत उभं राहिलं तरी पिंपरी-चिंचवडच्या गप्पा कानावर पडतात. गणपती होतो, नाटकं होतात, उन्हाळ्यात क्रिकेट तर रोजचंच. पण आम्हा दोघांनाही मैदान हवं होतं. शनिवारी सकाळी टीव्हीवर इंग्लंडचे सामने दिसतात, ते बघायलाही आवडतात. तरी सिमेंटच्या पायरीवर बसून, शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर एकाच वेळी उठून ओरडण्याची सवय लागलेल्या माणसाला सोफ्यावर करमत नाही. तेव्हा ठरवलं, इथला एक संघ धरायचा, दोघांनी मिळून एकच. घरात दोन पेठा इथे नकोत.

इथल्या फुटबॉलची घडी समजून घ्यायलाच आम्हाला पहिला हिवाळा लागला. सगळ्यात वर मेजर लीग सॉकर. तिथला संघ खेळून वर चढत नाही, पैसे भरून आत येतो. सॅन दिएगोच्या नव्या संघाच्या मालकांनी प्रवेशासाठी पन्नास कोटी डॉलर मोजले, यावरून अंदाज यावा. त्याखाली यूएसएल चॅम्पियनशिप, त्याखाली लीग वन, आणि त्याही खाली उन्हाळ्यात दोन-अडीच महिने चालणाऱ्या लीग, ज्यांत बहुतेक कॉलेजची मुलं खेळतात. या पायऱ्यांमध्ये जिना नाही. खालच्या लीगमध्ये सगळे सामने जिंकले तरी पुढच्या वर्षी संघ तिथेच, आणि वरच्या लीगमध्ये तळाला राहिलेला संघही तिथेच. संघ वरच्या पायरीवर जातो तो मालकानं नवा करार केला, फी भरली, स्टेडियम दाखवलं म्हणून.

मिशिगनमध्ये मेजर लीगचा संघ नाही. सगळ्यात जवळचा कोलंबसचा, गाडीनं तीन तासांवर. नवरा म्हणाला, मोठ्या लीगमधला आहे, चांगला आहे, तोच धरूया. मीही तयार होते. आणि नेमकी, आम्ही आलो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये बातमी आली, की कोलंबस क्रूचा मालक अख्खा क्लब टेक्ससमधल्या ऑस्टिनला हलवायचं म्हणतोय. मेजर लीग 1996 मध्ये सुरू झाली तेव्हापासूनचा हा क्लब. मी ती बातमी दोनदा वाचली. उद्या कुणी पाटाकडील तालीम उचलून नागपूरला नेतो म्हणालं तर काय होईल, ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. कोलंबसच्या लोकांनी वर्षभर लढा दिला. ओहायोमध्ये एक कायदा आधीपासून होता, क्लीव्हलँडचा अमेरिकन फुटबॉलचा संघ असाच बाल्टिमोरला नेला गेल्यानंतर 1996 मध्ये केलेला. राज्यानं तो कायदा दाखवून कोर्टात धाव घेतली, शेवटी नवे मालक मिळाले आणि क्लब राहिला. त्या लोकांबद्दल मला फार आदर आहे. पण त्या वर्षभरात माझ्या मनानं एक प्रश्न पक्का धरला. संघ कसा खेळतो हे पुढचं. उद्या कुणी तो उचलून नेऊ शकतो का, आणि नेऊ लागला तर आडवं कोण पडणार?

या प्रश्नानं शोधाची दिशाच बदलली. आम्ही खालच्या लीगांकडे बघायला लागलो, आणि तिथे बघण्यासारखं खूप होतं. विस्कॉन्सिनच्या मॅडिसन गावानं 2019 मध्ये फ्लेमिंगो पक्ष्याचं चिन्ह घेऊन संघ काढला आणि तो 1926 साली उभ्या राहिलेल्या एका जुन्या मैदानावर खेळू लागला. टेनेसीतल्या चॅटनूगाच्या क्लबनं त्याच वर्षी सामान्य माणसांना समभाग विकले. त्याआधी 2015 मध्ये चौथ्या पायरीवरच्या लीगच्या अंतिम सामन्याला तिथे अठरा हजारांवर माणसं आली होती. हे वाचून मी चॅटनूगाच्या प्रेमात पडले होते, अजूनही आहे. पण दहा तासांच्या अंतरावरचा संघ म्हणजे पुन्हा पडद्यावरचाच संघ. कामावरून सुटून संध्याकाळी जाता आलं पाहिजे आणि रात्री घरी येऊन झोपता आलं पाहिजे, यावर आमच्या दोघांचं एकमत झालं.

तासाभराच्या अंतरावर लॅन्सिंग आहे, मिशिगनची राजधानी. तिथे 2019 मध्ये लॅन्सिंग इग्नाइट हा नवा व्यावसायिक संघ सुरू झाला. गावाच्या मधोमध असलेल्या बेसबॉलच्या मैदानावर त्यांचे सामने व्हायचे. आम्ही गेलो. लोक प्रेमळ, तिकीट परवडणारं, खेळही चांगला. पहिल्याच वर्षी संघ प्लेऑफपर्यंत पोहोचला. नवऱ्यानं स्कार्फ घेतला, पुढच्या हंगामाची तिकिटं काढायची असं घरी ठरलंसुद्धा. हंगाम संपला आणि क्लब बंद झाल्याचं जाहीर झालं. एक हंगाम, आणि संपलं. पैशाचं गणित जमलं नाही. त्यात कुणाची लबाडी होती असं मी म्हणत नाही, धंदा चालला नाही तर माणूस दुकान बंद करतोच. पण जी पोरं त्या उन्हाळ्यात ढोल घेऊन येत होती, ती पुढच्या मे महिन्यात कुठे गेली असतील, हा विचार मला बरेच दिवस सोडत नव्हता. तो स्कार्फ नवऱ्यानं कपाटात घडी घालून ठेवलाय.

डेट्रॉइट सिटीचं नाव मी तोवर ऐकलं होतं, पण आमच्या ओळखीतलं कुणी तिकडे जात नव्हतं. उपनगरातल्या माणसांना डेट्रॉइट शहराची एक जुनी धास्ती असते, संध्याकाळनंतर तिकडे जाऊ नये असं सांगणारे भेटतातच. मला या क्लबची जी गोष्ट पहिल्यांदा भिडली ती त्याच्या जन्माची. 2010 मध्ये शॉन मान या डेट्रॉइटमधल्या तरुणानं एक हौशी लीग सुरू केली. अट एवढीच, की संघ वस्तीवार असायचे. या वस्तीचा एक, त्या वस्तीचा एक, बायका-पुरुष एकत्र. उजाड होत चाललेल्या शहरातल्या माणसांनी शेजाऱ्यांना ओळखावं म्हणून. ती लीग रंगली आणि त्यातूनच पाच मित्रांनी 2012 मध्ये सगळ्या शहराचा म्हणून डेट्रॉइट सिटी एफसी हा क्लब काढला. मी हे वाचून नवऱ्याला हाक मारली आणि म्हटलं, अहो, या लोकांनी आधी पेठा केल्या आणि मग संघ केला.

पहिली चार वर्षं हा क्लब एका सरकारी शाळेच्या मैदानावर खेळला. गर्दी मावेना, तेव्हा त्यांनी हॅमट्रॅमकमधलं कीवर्थ स्टेडियम बघितलं. हॅमट्रॅमक हे जेमतेम दोन चौरस मैलांचं स्वतंत्र गाव, जवळपास चहूबाजूंनी डेट्रॉइटनं वेढलेलं. डॉज कंपनीच्या कारखान्यासाठी आलेल्या पोलिश कामगारांमुळे ते वाढलं. कीवर्थ हे महामंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून बांधलेलं स्टेडियम, 1936 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट त्याच्या उद्घाटनाला आले होते. मालकी शाळा खात्याची, आणि ऐंशी वर्षांनी त्याची पार दुर्दशा झालेली. क्लबनं दुरुस्तीचा खर्च काढला आणि लोकांकडे गेला. देणगी म्हणून नव्हे, कर्ज म्हणून. क्लबच्या उत्पन्नातून व्याजासह परत करायचं, असा करार. पाचशेहून अधिक माणसांनी मिळून सुमारे साडेसात लाख डॉलर उभे केले. त्यातून स्टँड पक्के झाले, स्वच्छतागृहं आणि खेळाडूंच्या खोल्या सुधारल्या, आणि 2016 मध्ये क्लब तिथे राहायला गेला. त्याच वर्षी डॅन गिल्बर्ट आणि टॉम गोर्स हे दोन अब्जाधीश डेट्रॉइटसाठी मेजर लीगचा संघ आणायच्या खटपटीत होते. तो बेत पुढे बारगळला. कीवर्थवर उभी राहणारी बरीच माणसं म्हणत होती, आमचा संघ आहे की.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते 2019 च्या उन्हाळ्यात, लॅन्सिंगच्या फेऱ्या चालू होत्या तेव्हाच. गाडी लांब लावून चालत निघालो. लाकडी घरांच्या अरुंद गल्ल्या, एका घराच्या ओट्यावर लुंगी नेसलेले म्हातारे गृहस्थ, पलीकडे चर्चचा उंच मनोरा, आणि कुठून तरी अजान. हॅमट्रॅमकमध्ये आता बांगलादेशी आणि येमेनी कुटुंबं फार मोठ्या संख्येनं आहेत. भोंग्यावरून अजान द्यायला गावानं 2004 मध्येच परवानगी दिली, आणि 2015 च्या निवडणुकीत नगर परिषदेत मुस्लिम सदस्यांचं बहुमत झालं. कोपऱ्यावरच्या बांगलादेशी मिठाईवाल्याकडे आम्ही पाणी घ्यायला थांबलो. त्यांनी हिंदीत विचारलं, ‘मॅच?’ आणि काउंटरखालून लाल-सोनेरी स्कार्फ काढून दाखवला. ते स्वतः आत जात नव्हते, दुकान सोडून जाणार कसे. पण गोल झाला की इथपर्यंत ऐकू येतं, म्हणाले.

आत गेल्यावर ते मला पटलं. नॉर्दर्न गार्ड या नावानं ओळखले जाणारे समर्थक वाजतगाजत, मिरवणुकीनं मैदानात आले. ढोल, झेंडे, कवट्यांची चित्रं, तोंड रंगवलेले बाप आणि त्यांच्या खांद्यावर कानाला संरक्षक लावलेली लेकरं. मग लाल आणि सोनेरी धूर. तो धूर वाऱ्यानं आमच्या बाजूला आला, डोळे चुरचुरले, घशात दिवाळीच्या फटाक्यांची चव उतरली आणि दोन मिनिटं मैदान दिसेनासं झालं. त्या धुरातही गाणं थांबलं नाही. शिव्या भरपूर होत्या. शाहू स्टेडियमवर लहानपण गेलेल्या बाईला त्यांचं काही वाटलं नाही.

आम्ही बसलो होतो तिथे शेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या, पोलिश वंशाच्या, याच गावात वाढलेल्या. शाळेत असताना त्या याच पायऱ्यांवर बसून अमेरिकन फुटबॉलचे सामने बघायच्या. मधली कित्येक वर्षं इथे यावंसंच वाटायचं नाही, इतकं मैदान मोडकळीला आलं होतं, असं सांगत होत्या. दुरुस्तीसाठी लोकांनी दिलेल्या त्या कर्जात त्यांनी थोडे पैसे घातले होते. हाताखालचं काँक्रीट थोपटून मला म्हणाल्या, ‘यातलं थोडं माझं आहे.’ सॉकरचे नियम त्यांना अजून सगळे कळत नव्हते. ऑफसाइड मी समजावून सांगितला, आणि त्यांनी मला त्यांच्या डब्यातला पोलिश सॉसेजचा तुकडा दिला. मी मांसाहारी आहे म्हटल्यावर त्यांना फार बरं वाटलं, भारतीय माणसं नको म्हणतात असा त्यांचा अनुभव.

परतीच्या वाटेवर नवऱ्याला मी काही विचारलं नाही. त्यानंच विचारलं, पुढचा सामना कधी आहे.

तरी लॅन्सिंगनं शिकवलेलं डोक्यात होतं, म्हणून लगेच मन मोकळं सोडलं नाही. ते सोडलं 2020 मध्ये. त्या वर्षी करोनामुळे मैदानं रिकामी पडली होती, क्लब नुकताच व्यावसायिक झालेला, आणि अशा वेळी त्यांनी क्लबचे सुमारे दहा टक्के समभाग लोकांना विकायला काढले. अडीच हजारांहून अधिक माणसांनी घेतले. आम्ही दोघांनी मिळून एक लहानशी रक्कम घातली. त्यातून आम्हाला काही मिळेल अशी अपेक्षा नव्हती आणि नाही. नव्वद टक्के मालकी दुसऱ्यांकडेच आहे, तेव्हा क्लब आमच्या शब्दावर चालत नाही हेही कळतं. पण उद्या कुणी हा क्लब उचलायला आलाच, तर अडीच हजार माणसांना कागदावर उत्तर द्यावं लागेल. मला कोलंबसच्या वेळी पडलेल्या प्रश्नाचं एवढं तरी उत्तर मिळालं. सॅन दिएगोचं उदाहरण पुढे आलंच. लँडन डोनोव्हनसारख्या नावाजलेल्या खेळाडूनं उभा केलेला सॅन दिएगो लॉयल हा दुसऱ्या पायरीवरचा लाडका संघ, त्या शहराला मेजर लीगचा संघ मिळाल्याचं जाहीर झाल्यावर 2023 च्या हंगामाअखेर बंद पडला. मोठं झाड आलं की खालचं रोप मरतं, ते मरू न देण्याची सोय इथल्या व्यवस्थेत नाही. ती लोकांनाच करावी लागते.

2022 मध्ये डेट्रॉइट सिटी यूएसएल चॅम्पियनशिपमध्ये आला, म्हणजे दुसऱ्या पायरीवर. आणि त्याच वर्षी 19 एप्रिलला यूएस ओपन कपमध्ये कीवर्थवर कोण आलं, तर कोलंबस क्रू. ही 1914 पासून चालत आलेली स्पर्धा. यात सगळ्या पायऱ्यांवरचे संघ एकमेकांना भिडतात, आणि 1999 च्या रॉचेस्टर ऱ्हायनोजनंतर खालच्या पायरीवरच्या कुणीही ती जिंकलेली नाही. कोलंबस 2020 चे मेजर लीग विजेते. मिशिगनचा एप्रिल म्हणजे हाडं गोठवणारा गारठा, मी दोन स्वेटरवर जाकीट घालून उभी होते. आम्ही 2-1 नं जिंकलो. शेवटची दहा मिनिटं मी मैदानाकडे बघितलंच नाही, समोरच्या माणसाच्या पाठीकडे बघत होते. शिट्टी झाल्यावर त्या माणसानं वळून मला उचललं, मग नवऱ्याला उचललं. सकाळी कोल्हापूरला भावाला फोन केला. त्याला स्कोअर आधीच माहीत होता. ‘नाद खुळा, ताई,’ एवढंच म्हणाला, आणि मला रडू आलं. ज्या कोलंबसचं तिकीट आम्ही काढणार होतो त्यांना हरवलं, याचा आनंद त्यात नव्हता. त्यांचे लोक चांगले आहेत, त्यांनी स्वतःचा क्लब वाचवलाय. आनंद होता तो तीन वर्षांत हा संघ ‘आम्ही’ झाला याचा. ‘आम्ही 2-1 नं जिंकलो’ असं फोनवर बोलून गेले तेव्हाच ते लक्षात आलं.

2023 च्या उन्हाळ्यात सासरे आले. त्यांना कीवर्थवर नेलं. धूर, ढोल सगळं त्यांनी शांतपणे बघितलं, मध्यंतरात विचारलं, ‘ह्यांची तालीम कुठं हाय?’ मैदान बघून संघ कळत नाही, तालीम बघून कळतो, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना डेट्रॉइटमध्ये क्लबच्या फील्डहाउसला घेऊन गेले. बंदिस्त मैदानं, शेजारी बसायची जागा. लहान पोरांचे वर्ग चालू होते. एका मैदानावर ऑफिसातून सुटून आलेली माणसं खेळत होती. भिंतीवर जुने फोटो. बाहेरगावच्या सामन्याला समर्थक इथेच जमून पडद्यावर सामना बघतात. सासरे पाऊण तास पोरांचा सराव बघत उभे राहिले. एका पोराला डाव्या पायानं पास देताना बघून मान डोलावली. बाहेर पडताना म्हणाले, ‘सूनबाई, ह्ये बरं हाय. धरा ह्यो.’ आम्ही चार वर्षांपूर्वीच धरलाय, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता क्लब कीवर्थ सोडणार आहे. 2024 मध्ये त्यांनी डेट्रॉइटच्या कॉर्कटाउन भागात बंद पडलेल्या एका जुन्या रुग्णालयाची जागा घेतल्याचं जाहीर केलं. तिथे सुमारे पंधरा हजार प्रेक्षकांचं स्वतःचं स्टेडियम 2027 मध्ये सुरू करायचा बेत आहे. कारण समजतं. शाळा खात्याच्या मैदानावर भाडेकरू म्हणून किती दिवस काढणार, आणि आपली जागा, आपलं छप्पर असलेला क्लब हलवणं अवघड. माझ्याच निकषावर बघितलं तर हे योग्य आहे. तरी मला त्रास होतो आणि तो मी लपवत नाही. त्या पोलिश बाईंनी थोपटलेलं काँक्रीट हॅमट्रॅमकमध्येच राहणार आहे. मिठाईवाल्याला गोलचा आवाज ऐकू येणार नाही. लोकांच्या पैशातून सावरलेलं मैदान क्लबनं गावाकडे चांगल्या अवस्थेत सोपवलं पाहिजे, तिथे शाळेच्या पोरींचे, बाईमाणसांच्या संघाचे सामने होत राहिले पाहिजेत, असं मी समर्थकांच्या बैठकीत उभी राहून बोलले. अजून चार-पाच जण तेच बोलले. टाळ्या पडल्या. पुढे काय होतं त्याचा पाठपुरावा करायचा, असं आमच्यात ठरलंय.

2025 च्या मार्चमध्ये यूएसएलच्या मालकांनी आपल्या लीगांमध्ये चढ-उतार सुरू करायच्या बाजूनं मत दिलं. म्हणजे पुढच्या काही वर्षांत इथे जिना बांधला जाणार. भावानं फोनवर विचारलं, ‘मग वर जाणार काय तुमचा संघ?’ मी म्हटलं, जिन्यावरून माणसं खालीही येतात, बाबा. तो म्हणाला, खाली आला तर बघायला जाशील का? मी त्याला शिवाजी तरुण मंडळाबद्दल हाच प्रश्न उलटा विचारला. त्यावर तो काही बोलला नाही, वहिनीकडे फोन दिला. वहिनीनं विचारलं, मार्चमध्ये तिकडे किती थंडी असते, पहिल्या सामन्याला ती दोघं येणार आहेत.